अप्पा, तुमच्या तीन नॅनोसेकंदांविषयी

अप्पा,

तुम्हाला बसवलं होतं. गेलेल्या माणसाला तुमच्यात असं बसवतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून चपला काढल्या, वर बघितलं, तर तुम्ही खुर्चीत. कपाळावर विभूती, गळ्यात हार आणि तोंड बरोबर दाराकडे, म्हणजे माझ्याकडे. डोळे मिटलेले होते. तरी मला वाटलं, हे बघतायत.

मी बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. ही कोण, असं कुणीतरी हळूच विचारलं आणि दुसरीनं सांगितलं, वर्कशॉपमधली मॅडम. हे नाव तुम्हीच पाडलेलं. मी तुम्हाला कायम सर म्हणत आले. आजूबाजूच्या सगळ्या शेडमधली माणसं अप्पा म्हणायची, चहावाला म्हणायचा, गिऱ्हाइकं म्हणायची, फक्त मी सर. आज पहिल्यांदा अप्पा लिहिते आहे. ते जवळीक वाटते म्हणून, की आता तुम्ही त्यावरून चिडवू शकत नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते खरंच बोलतात. मला सांगायचं आहे ते वेगळं. मी वर्षभर तुमच्यावर संशय घेतला. त्या संशयापायी मी एक काम केलं आणि त्याची शिक्षा नरसम्मांना झाली. संशय आता बराच उतरला आहे. पूर्ण गेलेला नाही.

आपलं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या. बाहेर माझं टेबल आणि खिडकीपाशी नरसम्मांचं हातानं फिरवून कॉइल गुंडाळायचं यंत्र. आतल्या खोलीत तुम्ही. जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणारी यंत्रं तुम्ही दुरुस्त करायचात. ती यंत्रं खरं बोलतात की नाही हे तपासायला डिलेच्या पेट्या लागतात, त्याही आपण बनवायचो. यंत्र केबलमध्ये एक पल्स सोडतं. ती बिघाडाला आपटून परत येते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. आपली पेटी म्हणजे केबलचं सोंग. एका बाजूनं पल्स आत, मध्ये कॉइल आणि कपॅसिटरची लांब साखळी, आणि ठरलेल्या वेळानं पल्स दुसऱ्या बाजूनं बाहेर.

पण ती दर वेळी अगदी तेवढ्याच वेळानं बाहेर येत नाही. कधी थोडी आधी, कधी थोडी नंतर. पल्स रेघ करून दाखवणारं यंत्र म्हणजे स्कोप, त्याच्या पडद्यावर एक बारीक रेघ दिसायला हवी, तिथे शेकडो रेघा एकमेकींवर चढतात आणि जाड पट्टा दिसतो. त्या पट्ट्याची जाडी म्हणजे जिटर. कॉलेजात मी याची व्याख्या परीक्षेत लिहिली होती. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलीत तेव्हा मी ती इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीत, मग माझ्या टेबलावर चार बोटं आडवी ठेवलीत.

"एक नॅनोसेकंद चुकला तर रस्त्यात एवढं चुकतं. दहा चुकले तर गड्यानं कुटं खणायचं, सांगा मॅडम."

मला उत्तर आलं होतं. मी दिलं नाही. तुम्ही हसलात आणि आत गेलात. त्या हसण्याचा अर्थ मी पुढे कितीतरी दिवस लावत बसले.

तुम्ही शिकवलंत खूप. सोल्डर कधी चमकतं आणि कधी नुसतं चिकटतं, स्कोपच्या प्रोबची अर्थिंगची वायर लांब सोडली की ती स्वतःच आवाज, म्हणजे आसपासचे भलतेच सिग्नल, पकडते, पेटीचं झाकण उघडं असताना हात जवळ नेला तरी आकडा बदलतो. माझ्या हातून एक महागडी चिप जळली, तेव्हा तुम्ही ती उचलून खिशात टाकलीत आणि जेवायला निघून गेलात. मी तेव्हाही विचार केला, खिशात कशाला टाकली? कुणाला दाखवणार?

आपलं एकच भांडण झालं, तेही अर्धवट. मी म्हटलं होतं की हजार वेळा मोजून सरासरी घेतली तर जिटरचा प्रश्नच उरत नाही. स्कोपवर बटण दाबून दाखवलं. जाड पट्ट्याची बारीक, देखणी रेघ झाली. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. म्हणालात, "गेला न्हाय. दिसंना झाला." आणि दारापाशी जाऊन परत वळून, "गडी सरासरीनं खणत न्हाय, मॅडम. एकदाच खणतो." मला म्हणायचं होतं की गड्याला पाठवायच्या आधीच सरासरी घ्यायची असते, मग त्यानं एकदाच खणलं तरी बरोबर खणेल. वाक्य मनात मराठीत जुळवेपर्यंत तुम्ही आत गेला होतात. अजूनही मला वाटतं, त्या दिवशी आपण दोघंही बरोबर होतो.

संशयाची सुरुवात तुमच्या दारापासून झाली. तयार पेटीची शेवटची तपासणी तुम्ही आतल्या खोलीत एकट्यानं करायचात. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, मोबाइल बाहेर, माणसं बाहेर. कारण सांगायचात की मोबाइलनं आणि माणसांच्या ये-जा करण्यानं रेघ हलते. खरं होतं तेही. पण प्रत्येक पेटीच्या कागदावर जिटरच्या रकान्यात एकच आकडा यायचा, तीन नॅनोसेकंद. फाइल लावायचं काम माझं होतं. पानं उलटत गेले तर तीन, तीन, तीन. वेगवेगळ्या महिन्यांच्या, वेगवेगळ्या पेट्या, आणि सगळ्यांचं थरथरणं अगदी सारखं? दोन कागदांवर तर अशा तारखा होत्या जेव्हा तुम्ही तपासणीसाठी दवाखान्यात होतात. ते दोन दिवस कुलूप मीच उघडत होते.

एकदा कुरिअरच्या पावतीवर सही हवी होती म्हणून मी दार ढकललं. अंधारात पडदा उजळलेला होता आणि त्यावर सुईसारखी बारीक रेघ. मी खाली बघितलं. ट्रिगरची वायर पेटीच्या बाहेरच्या सॉकेटला लावलेली होती.

वेळ कुठून मोजायची हे स्कोपला सांगावं लागतं, ते ही वायर सांगते. आत जाणाऱ्या पल्सपासून मोजलं तर बाहेर येणारी किती हलते ते दिसतं. बाहेर येणाऱ्या पल्सपासूनच मोजायला सांगितलं तर ती हलणारच नाही. आपल्या उंबऱ्यापासून आपलाच उंबरा किती लांब, असं विचारल्यासारखं.

तुम्ही मागे न बघता म्हणालात, "दार."

मी दार ओढून घेतलं. पावतीवर सही मीच केली.

त्यानंतर मी दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात की तयार पेट्या माझ्या टेबलावर आणून मोजायला लागले. वायर बरोबर, आतल्या बाजूला लावून. नऊ. दुसरी, नऊ. तिसरी, थोडं जास्तच. खिडकीपाशी नरसम्मा भाकरी खात माझ्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "जेवत न्हाईस का गं? येंत्र कुटं पळून चाललंय का?" मी म्हटलं, नंतर जेवते. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवत गेले. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच सुमारास पेट्या न्यायला केबल दुरुस्तीच्या कंत्राटदाराचा माणूस आला होता. मोहोळच्या बाजूला एका बिघाडासाठी तीन खड्डे मारावे लागले म्हणून सांगत होता. तिसऱ्या खड्ड्याला शेजारचा टपरीवाला म्हणे, आता थांबू नका, पाणी लागेपर्यंत जावा, मला विहीर होईल. तुम्ही हसलात, नरसम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मला तीन खड्ड्यांत तुमचा तीनचा आकडा दिसला. खड्डे चुकायला दुसरी दहा कारणं असू शकतात. केबलचा प्रकार यंत्रात चुकीचा भरला तरी चुकतात. मी त्या माणसाला एक प्रश्नही विचारला नाही. मला उत्तर मिळालं होतं.

मी नवीन मेल आयडी काढला आणि कंत्राटदाराला इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. नाव घातलं नाही. पेट्यांची तपासणी चुकीच्या ट्रिगरनं होते, खरा जिटर कागदावरच्यापेक्षा तिप्पट आहे, स्वतः मोजून घ्या. मी स्वतःला सांगितलं की हे उन्हात रस्ता खणणाऱ्यांसाठी आहे. थोडं होतंही. पण पाठवताना माझ्या कानात तुमचं "दार" होतं, हेही खरं आहे.

सात पेट्या परत आल्या. तुम्ही दुपारभर त्या घेऊन आत बसलात. मग बाहेर येऊन आम्हा दोघींना म्हणालात, गिऱ्हाइकाची तक्रार आहे, रेघ हलते म्हणतात. मेलचं नाव काढलं नाहीत. मी तुमच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का बघत होते. तुम्ही एक पेटी उघडलीत, कॉइल बोटानं फिरवलीत आणि नरसम्मांना सांगितलंत की अलीकडे गुंडाळणी सैल पडते आहे. पुण्याहून मशिनच्या कॉइल मागवल्या आहेत. काही दिवस घरी आराम करा.

नरसम्मा मूळच्या विडी वळणाऱ्या. विडीचं पान ज्या बोटांना ऐकतं त्या बोटांना तांब्याची तार ऐकणारच, असं म्हणून तुम्हीच त्यांना या कामाला आणलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "डोळ्यानं बगून सांगायलाव, का येंत्रानं?"

तुम्ही पेटीचं झाकण लावलंत. त्यांनी चष्मा डबीत ठेवला, जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

मला माहीत होतं की हे माझ्यामुळे झालं. पण तुम्ही म्हणालात ते पटण्यासारखंही होतं. गुंडाळणी सैल असली की पल्सची कड उभी चढत नाही, तिरपी चढते, आणि तिरप्या कडेला जरासा आवाजही मागेपुढे ढकलू शकतो. मी तो धडा मनात म्हटला, दोनदा म्हटला, आणि गप्प बसले. सोयीचं होतं.

त्यानंतर तुम्ही बदललात, आणि मला ते आणखीच संशयास्पद वाटलं. आतलं दार उघडं राहायला लागलं. पडदा तुम्ही माझ्या बाजूला वळवून ठेवायचात. चहा घेताना म्हणायचात, "काय मॅडम, बघताय नुसतं. विचारा की." मला वाटायचं, हा सापळा आहे. मी म्हणायचे, काही नाही सर. दुधनीला राहणाऱ्या भावाशी तुम्ही फोनवर कानडीत बोलायचात. मला कानडी येत नाही. पण मध्येच 'मॅडम' हा शब्द ऐकू यायचा आणि माझ्या हातातली सोल्डरिंग गन थांबायची. तुमच्यासमोर बसून दोन महिने मी रोज नोकरी जाण्याची वाट बघितली. मग एक दिवस सकाळी तुमच्या घरून काकूंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

काकूंनी किल्ल्या माझ्याकडेच दिल्या. म्हणाल्या, अकरा पेट्या द्यायच्या राहिल्यात असं ते म्हणत होते, तेवढ्या पूर्ण कर, पुढचं पुढं बघू. कुणीतरी माझ्यावर इतका विश्वास टाकतं आहे याचीच मला भीती वाटली.

पहिली पेटी मी माझ्या टेबलावर लावली. नऊ. मशिनची कॉइल, तरी नऊ. नरसम्मांच्या कॉइललाही नऊ आले होते. पुण्याचं मशिन आणि नरसम्मांचे हात दोघंही सारखंच चुकतात, हे मला खटकलं. मग मी पेटी मधून काढली आणि आतली वायर बाहेरच्या वायरला सरळ जोडली. आता मध्ये काहीच नव्हतं. रेघ स्थिर असायला हवी होती. रेघ हलत होती. आठ.

अप्पा, ती थरथर माझ्या स्कोपची होती. माझा जुना स्कोप, सेकंडहँड आणलेला, ज्याचं सॉकेट सैल आहे हे पहिल्या आठवड्यात तुम्हीच सांगितलं होतं. मी वर्षभर तुमच्यावर, तुमच्या पेटीवर, तुमच्या दारावर संशय घेतला. समोरच्या यंत्रावर घेतला नाही, कारण ते मी चालवत होते.

मग तुमच्या खोलीत गेले. तुमच्या स्कोपवर नुसती वायर जोडली, थरथर जेमतेम एक. परत आलेल्या सात पेट्या तिथेच कपाटावर होत्या, सगळ्या नरसम्मांच्या कॉइलच्या. एकेक लावली. चार. चार. साडेचार. चार. कराराप्रमाणे पाचच्या आत हवं. सातही पेट्या चांगल्या होत्या.

पण तीन एकही नव्हती. हेही लिहायला हवं.

ट्रिगरची वायर बाहेर लावली की रेघ थांबते आणि तिची कड किती तिरपी चढते ते नीट दिसतं. तुम्ही आधी तीच बघत असाल आणि मग वायर हलवून जिटर मोजत असाल. मी दार उघडलं तेव्हा पहिलं काम चाललं असेल. हा संशयाचा फायदा मी तुम्हाला देते. पुरावा नाही. त्या दवाखान्याच्या दोन तारखांना तर असा फायदाही देता येत नाही.

आणि मग एक नवीनच शंका आली. या सात पेट्या तुम्ही त्याच दुपारी, त्याच स्कोपवर बघितल्या होत्या. मला दिसलं ते तुम्हाला दिसलंच असणार. कॉइल चांगल्या आहेत हे माहीत असताना नरसम्मांना घरी का पाठवलंत?

रविवारी मी नरसम्मांच्या घरी कुंभारीला गेले. घरकुलाच्या रांगा सगळ्या सारख्या, विचारत विचारत जावं लागलं. नरसम्मा उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात परत जुन्या कामाला लागले होते. मला बघून सरकल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. कंत्राटदाराला पत्र मी लिहिलं होतं. तुमच्या कॉइल चांगल्या होत्या. माझा स्कोप वाईट होता.

त्यांनी हातातली विडी दोऱ्यानं बांधून पूर्ण केली.

"माहीत हाय," म्हणाल्या. "आप्पा आलते की हितं."

तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात, अप्पा. वारलात त्याच्या पंधरा दिवस आधी. नरसम्मांनी सगळं सांगितलं. पत्र कुणी लिहिलं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वर्कशॉपात आम्ही दोघीच, आणि त्यांना तर इंग्रजी लिहिता येत नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, तुझी कॉइल चांगली आहे, परत ये. त्यांनी विचारलं, मग काढलं कशाला? तुमचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं. तुमचा आवाज काढून ऐकवलं, आणि तो हुबेहूब होता.

"म्हणाले, पोरीला बोललो तर ती जाईल. पुन्ना या कामाकडं बगायची न्हाय. तिला विचारायला शिकू दे. तू गेलीस तरी तुला परत आणता येतंय."

मग स्वतःच्या आवाजात, "म्हंजे तुजं मन जपायचं, अन् माज्या हाताला नाव ठिवायचं. मी म्हनलं, आप्पा, हे तिच्या तोंडावर सांगा, मग येते. बगतो म्हणाले. बगतो म्हणून गेले ते गेलेच."

मला काय वाटलं ते नीट सांगते, कारण समोर असतात तर सांगितलं नसतं. आधी रडू आलं. मी रोज नोकरी जाण्याची वाट बघत होते आणि तुम्ही रोज दार उघडं ठेवून माझ्या प्रश्नाची. ते 'विचारा की', तो माझ्याकडे वळवलेला पडदा, सापळा नव्हताच. एवढं करून कुणी मला थांबवून घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी तुमचा राग आला. तुम्ही मला जपलंत ते दुसरीच्या अंगावरचं पांघरूण ओढून. नरसम्मा परत येतील हे तुम्ही धरून चाललात, जसे प्रत्येक कागदावर तीन धरून चाललात. न मोजता. मी तुमचे आभार मानते आणि हे तुम्हाला माफही करत नाही. दोन्ही एकत्र ठेवायला जागा कमी पडते आहे, पण ठेवते.

मी नरसम्मांना परत या म्हणाले. तो अधिकार माझा नव्हता, काकूंना नंतर विचारलं. नरसम्मा सुपातली पानं सारखी करत राहिल्या.

"यीन की. पर तू माज्याम्होरं मोज. अन् जे यील ते लिव. दया करू नको."

सोमवारी त्या आल्या. मी त्यांना तुमच्या खोलीत तुमच्या खुर्चीवर बसवलं, पंखा आणि लाइट बंद केले, दोघींचे मोबाइल बाहेर ठेवले. आधी नुसती वायर लावून दाखवली. हे काय, म्हणाल्या. म्हटलं, यंत्र स्वतः किती हलतं ते. आधी हे बघायचं असतं. मग पुण्याच्या मशिनची कॉइल असलेली पेटी लावली. तीन. मग त्यांची.

चार.

माझ्या हातात पेन होतं आणि समोर कोरा कागद. नरसम्मा पडद्याकडे बघत होत्या. मला तीन लिहावंसं वाटलं, अप्पा. एवढ्या दिवसांनी त्या आल्या होत्या आणि एकाचा तर फरक होता. कुणाचा खड्डा त्यानं चुकणार नव्हता. तुमच्या कागदांवरचे तीन कुठून आले असतील, याची मला तेव्हा जराशी कल्पना आली. सगळे नाही, पण काही.

"किती आलं?"

"चार."

"मशिनीचं?"

"तीन."

त्यांनी पडद्यावरचा पट्टा आणखी एकदा बघितला. "मग लिव की चार. थांबलीस कशाला? गिऱ्हाइकाला कितीपर्यंत चालतंय?"

"पाच."

"मग झालं की."

मी चार लिहिलं. खाली कॉइल कुणी गुंडाळली याचा रकाना नव्हता. तो हातानं आखला आणि त्यात त्यांचं नाव घातलं. तपासणाऱ्याच्या जागी माझी पूर्ण सही केली.

मग कंत्राटदाराला दुसरं पत्र लिहायला बसले, या वेळी माझ्याच आयडीवरून. पहिलं निनावी पत्र मी लिहिलं होतं. माझं मोजमाप चुकीचं होतं, कारण मी माझा स्कोप तपासला नव्हता. परत आलेल्या सातही पेट्या पाचच्या आत आहेत, कॉइलमध्ये दोष नव्हता, प्रत्येकीचा आकडा सोबत आहे. जुन्या कागदांवर तीन लिहिलं आहे, मला ते चार-साडेचार आढळलं. जे कागद मला पटत नाहीत त्या पेट्या फुकट परत तपासून देऊ. तुमचे आकडे मी खोडले नाहीत, अप्पा. पण झाकलेही नाहीत. त्यानं वर्कशॉपचं नाव थोडं जाईल कदाचित. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, खरं असंल तर धाड.

नरसम्मांनाही मराठीत करून सांगितलं. त्यांनी एकच बदल सुचवला. कॉइलमध्ये दोष नव्हता हे वाक्य पहिलं घाल, तुझं रडगाणं नंतर. मी वाक्य वर नेलं आणि पत्र पाठवलं. कंत्राटदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.

नरसम्मा खिडकीपाशी जाऊन यंत्रावरची धूळ पुसायला लागल्या होत्या. मी तुमच्या खोलीच्या दारात उभी होते. त्या माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला सांगितलंस. मला सांगितलंस. आप्पांना कोन सांगनार?"

म्हणून हे. तीन नव्हते, अप्पा. चार होते, आणि चार चालत होते.